हेरिफर्डशरमधील खेडे, तिथले पॅरिश चर्च आणि आसपासची जुनी ठिकाणे : मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : उंबरठा

नमस्कार. मी निवृत्त इतिहास-शिक्षिका आहे आणि डिसेंबरअखेरपर्यंत लेकीकडे, इंग्लंडच्या हेरिफर्डशर परगण्यातील एका खेड्यात राहणार आहे. गावात दुकान नाही, पोस्ट नाही. पन्नास-साठ घरे, एक पब आणि टेकाडावरचे तांबड्या वालुकाश्माचे एक चर्च, एवढाच काय तो पसारा. लेक आणि जावई दिवसभर कामावर असल्यामुळे मी सकाळी चर्चच्या आवारात फिरायला जाते आणि तिथेच एका बाईंशी माझी ओळख झाली. त्या सत्तरीच्या पुढच्या असून या चर्चच्या चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची देखभाल पाहणाऱ्या, आहेत. रोज नऊच्या सुमारास वीतभर लांबीची लोखंडी किल्ली घेऊन त्या दार उघडायला येतात आणि अंधार पडायच्या आत पुन्हा येऊन ते बंद करून जातात.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या, म्हणजे सुगीच्या उत्सवाच्या, आदल्या दिवशी चर्च सजवायला आणि दुसऱ्या दिवशी उपासनेला येण्याचा आग्रह केला. मला मनापासून जायचे आहे, परंतु मी ख्रिस्ती नाही, आणि कुणाच्या पवित्र गोष्टीत अजाणतेपणी आगळीक होऊ नये अशी काळजी वाटते. भाकर आणि द्राक्षरस घेण्यासाठी सगळे पुढे जातात तेव्हा मी काय करावे? गुडघे टेकावेत का? दानपात्रात किती घालावे? शिवाय इथे महिन्यातून दोनच रविवारी उपासना होते आणि रेक्टर, म्हणजे इथले धर्मगुरू, दुसऱ्या गावात राहतात, ही व्यवस्था नेमकी कशी चालते, हेही समजून घ्यायचे आहे.

दुसरे असे की, लेकीची गाडी मला फक्त शनिवारी मिळते. इथून शिल्पांच्या जुन्या चर्चचे किलपेक गाव फार दूर नाही, इतके मला ठाऊक आहे. एवढ्या थोड्या शनिवारांत काय पाहावे आणि ते कसे पाहावे, हे जाणकारांनी सांगितले तर मी ऋणी राहीन.


उत्तर : मैलाचा दगड

ताई, आमंत्रण आनंदाने स्वीकारा. मी याच परगण्यात वीस वर्षांहून अधिक काळ राहतो आहे, मीही ख्रिस्ती नाही, आणि आमच्या गावच्या हार्वेस्टच्या उपासनेला दरवर्षी जातो.

पॅरिश म्हणजे केवळ नियमाने चर्चला येणाऱ्यांचा समुदाय, असा समज घेऊन आपण इथे येतो, आणि तिथेच गफलत होते. पॅरिश हा आधी भूभाग आहे. त्याच्या शिवेच्या आत जो राहतो तो पॅरिशचा रहिवासी ठरतो, मग त्याचा धर्म कोणताही असो. चर्च ऑफ इंग्लंड ही राजमान्य धर्मसंस्था असल्यामुळे हे नाते कायद्यानेही मानलेले आहे. चर्चच्या दफनभूमीत जागा शिल्लक असेल तर पॅरिशमधल्या कोणाही रहिवाशाला तिथे मूठमातीचा हक्क असतो. तेव्हा त्या बाईंनी आपल्याला बोलावले यात सौजन्य आहेच, पण त्यांच्या दृष्टीने आपण त्यांच्याच शिवेत राहता, हेही त्यामागे आहे.

आता प्रत्यक्ष उपासनेविषयी. दारात आपल्या हातात एक पुस्तिका आणि गीतांचे पुस्तक दिले जाईल. मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसावे, म्हणजे पुढचे कधी उठतात आणि कधी बसतात ते दिसते. गीतांच्या वेळी सगळे उभे राहतात. आपणही उभे राहावे, गायलेच पाहिजे असे नाही. प्रार्थनेच्या वेळी काही जण भरतकाम केलेल्या उशीवर गुडघे टेकतात, पण वय झालेली पुष्कळशी माणसे बसल्या जागी डोके झुकवतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. हार्वेस्टच्या दिवशी प्रभुभोजन असेलच असे नाही. असले, तर बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तींनीच भाकर आणि द्राक्षरस घ्यावा असा संकेत आहे. आपल्यापुढे दोन मार्ग राहतात : जागेवर शांत बसून राहावे, किंवा रांगेतून वेदीपाशी जाऊन हातातली पुस्तिका छातीशी धरून मान झुकवावी, म्हणजे रेक्टर भाकर न देता आशीर्वाद देतील. मी पहिली काही वर्षे बसून राहत असे. एकदा आमच्या रेक्टरबाईंनी आपणहून विचारले, तेव्हापासून पुढे जातो.

दानाची पिशवी गीत चालू असताना फिरते. त्यात काय घालावे हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि काही न घालता पिशवी पुढे दिली तरी चालते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बाकावर ठेवलेल्या पाकिटावर करसवलतीची घोषणा छापलेली असते. इथे कर भरणाऱ्याने त्यावर सही केली, तर प्रत्येक पौंडामागे सरकारकडून चर्चला २५ पेन्स जादा मिळतात. आपण इथे कर भरत नसल्यामुळे ती सही करू नका. जावईबापू इथे कर भरत असतील आणि त्यांनी स्वतःच्या पैशातून दान दिले, तर ती सही त्यांना करता येईल.

रेक्टर दुसऱ्या गावात का राहतात? जुन्या काळी प्रत्येक पॅरिशला स्वतःचा धर्मगुरू असे आणि त्याचा चरितार्थ गावच्या उत्पन्नाच्या दशांशावर चाले. धान्याचा मोठा दशांश ज्याला मिळे तो रेक्टर. तो दशांश एखाद्या मठाकडे किंवा अन्य मालकाकडे गेला असेल, तर त्याच्या वतीने काम पाहणारा आणि धाकट्या दशांशावर गुजराण करणारा तो व्हिकर. १८३६ च्या कायद्याने धान्यरूपी दशांशाचे रोख रकमेत रूपांतर झाले, कालांतराने तीही पद्धत संपली, आणि आज पाच, सात किंवा त्याहून अधिक पॅरिशे मिळून एक धर्मगुरू, अशी ग्रामीण भागाची स्थिती आहे. म्हणून उपासना आळीपाळीने होते. या रविवारी आपल्या टेकाडावर, पुढच्या रविवारी दरीपलीकडे.

आणि म्हणूनच चर्चवॉर्डनना इतके महत्त्व आहे. हे पद मध्ययुगापासून चालत आलेले आहे. दर पॅरिशला सहसा दोन वॉर्डन असतात, त्यांची निवड दरवर्षी होते, आणि त्यांना या कामाचा पैसाही मिळत नाही. त्यांच्या जोडीला पॅरोकियल चर्च कौन्सिल, म्हणजे पॅरिशची चर्चसमिती असते आणि इमारतीच्या दुरुस्तीचा भार तिच्यावर असतो. आठशे वर्षांच्या त्या भिंतींचा नेहमीचा खर्च सरकार उचलत असेल असे पुष्कळांना वाटते, पण तो गावच उचलते. दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी करून घ्यावी लागते. छपराचा एक पन्हळ फुटला तरी अहवालात नोंद होते, आणि तो बदलण्याचे पैसे केकच्या विक्रीतून, व्याख्यानांतून, मृत्युपत्रांतल्या देणग्यांतून उभे करावे लागतात. बाक हलवायचा असला तरी बिशपच्या न्यायपीठाची ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागते. हे सगळे कागदपत्र सांभाळणारी माणसे आपल्या त्या बाईंसारखीच असतात. त्यांना सजावटीत दोन हात जास्त मिळाले तर त्यांना किती बरे वाटेल, हे मी अनुभवाने सांगतो.


उत्तर : दोरखंड

वर सगळे नेमके सांगितले आहे, त्यात माझी भर फक्त घंटांपुरती.

आपल्या गावच्या मनोऱ्यात घंटा असतील, तर सरावाची संध्याकाळ कोणती हे विचारा आणि एकदा जाऊन बसा. इंग्लंडमधल्या घंटा नुसत्या टोल देत नाहीत. प्रत्येक घंटा मोठ्या चाकाला जोडलेली असते, ती तोंड वर करून उभी राहते आणि दोर ओढला की पूर्ण एक फेरा घेऊन पुन्हा उलटी उभी राहते. एवढ्या वजनाच्या घंटेवर सुरावट वाजवता येत नाही, पण तिचा फेरा किंचित लांबवता किंवा आखडता येतो, आणि त्यातून इथल्या लोकांनी क्रमबदलाची एक कला घडवली. सहा घंटा असतील तर एकही क्रम पुन्हा न येता ७२० क्रम वाजवता येतात. सात घंटांचे ५,०४० होतात आणि ते पुरे करायला तीनेक तास लागतात. ते सगळे पाठ असावे लागते, समोर कागद नसतो.

मी शिकलो तेव्हा पहिले चार आठवडे माझ्या हातात फक्त एकच हिसका दिला होता. दोराच्या मधोमध लोकरीची जाड, रंगीत मूठ असते, तिला सॅली म्हणतात. ती खाली येते तेव्हा धरायची, ओढायची आणि वेळेवर सोडायची. सोडायला एका क्षणाचा उशीर झाला तर दोर माणसाला वर उचलतो. माझ्या शिक्षिका पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. त्या माझ्या मुठींवर आपला हात ठेवून, डोळे मिटून, वरच्या घंटेचे वजन दोरातून कसे जाणवते ते समजावत असत. ‘बघू नका, ऐका’ हेच त्या सतत सांगत.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० पासून, या घंटा वाजवण्यावर बंदी होती, कारण शत्रूसैन्य उतरल्याची खूण म्हणून त्या राखून ठेवल्या होत्या. इजिप्तमधील एल अलामेनच्या लढाईतल्या विजयानंतर १५ नोव्हेंबर १९४२ रोजी त्या देशभर पुन्हा वाजल्या. आमच्या संघातल्या एका आजोबांनी तो रविवार लहानपणी ऐकला होता, आणि त्याविषयी सांगताना त्यांचा आवाज दरवेळी कापत असे.

घंटावादनासाठी चर्चचा सभासद असणे लागत नाही. वेळ काढून पेम्ब्रिजलाही जाऊन या. तिथला घंटामनोरा चर्चपासून सुटा, आवारात एकटा उभा आहे आणि त्याच्या आतले प्रचंड लाकडी खांब तेराव्या शतकातले आहेत.


उत्तर : भग्नशिल्प

उंबरठाताई, आपण इतिहास शिकवला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझा विषय मध्ययुगीन शिल्पकला आहे आणि किलपेकला मी मोजता येणार नाही इतक्या वेळा गेलो आहे.

किलपेकचे सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड चर्च साधारण ११४० च्या सुमाराचे आहे. आकाराने अगदी लहान : मुख्य दालन, त्यापुढे चान्सेल, म्हणजे वेदीकडचा धर्मगुरूंचा भाग, आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार गाभारा. मात्र त्याच्या बाह्य भिंतींवर, छपराच्या वळचणीखाली, ऐंशीहून अधिक शिल्पित कोरके, म्हणजे भिंतीतून पुढे आलेले आधाराचे दगड, ओळीने बसवलेले आहेत आणि त्यांत पशू, पक्षी, मुखवटे, कुस्तीगीर, एकमेकांना चिकटून बसलेला शिकारी कुत्रा आणि ससा अशी अवघी सृष्टी आहे. किलपेकचा हा वालुकाश्म इतका कणखर निघाला की नऊशे वर्षांच्या पावसानंतरही सशाचे कान कोरीव दिसतात. दक्षिणेच्या दारावर वेलींमध्ये गुंतलेले सडपातळ योद्धे आणि सर्प आहेत आणि कमानीच्या अर्धचंद्रात जीवनवृक्ष आहे. त्या दारापाशी किमान पंधरा मिनिटे उभे राहा. डावीकडच्या खांबावर बोट न लावता नुसती नजर वर नेत गेलात, तर योद्ध्याच्या चुणीदार वस्त्राची एकेक रेघ वेलीच्या देठात कशी मिसळते ते कळते.

गाभाऱ्याच्या बाजूला शीला-ना-गिग या नावाने ओळखली जाणारी उघडी स्त्री-आकृती आहे. तिला पाहून मराठी वाचकाला लज्जागौरी आठवेल, मलाही आठवली होती. परंतु दोन्हींचा संबंध जोडायला कोणताही पुरावा नाही, आणि ही आकृती चर्चवर का कोरली याविषयी इथल्या अभ्यासकांतही एकमत नाही. ती पाहावी, आणि अर्थाची घाई करू नये.

किलपेकला गेलेले बहुतेक लोक कोरक्यांची छायाचित्रे काढून परततात. आपण तसे करू नका. चर्चच्या पश्चिमेला लागूनच नॉर्मन किल्ल्याची उंच गढी आहे, तिच्यावर चढा. माथ्यावर दगडी बुरुजाचे दोन तुकडे उरले आहेत. तिथून ईशान्येच्या कुरणात, विशेषतः सूर्य कलता असताना, जमिनीवर चौकोनी उंचवटे आणि खोलगट वाटा दिसतात. ते मध्ययुगीन किलपेक गाव आहे. घरे गेली, जोती गवताखाली राहिली. गढी, चर्च आणि गाव ही तिन्ही एकाच सत्तेने एकमेकांशेजारी वसवली होती, हे त्या माथ्यावरून जसे दिसते तसे पुस्तकातून दिसत नाही.

दुसरा शनिवार गोल्डन व्हॅलीला द्या. या दरीच्या नावाची कथा ऐकण्यासारखी आहे. नदीचे नाव डोर, ते पाणी या अर्थाच्या वेल्श शब्दावरून आलेले. नॉर्मनांनी ते फ्रेंचमधल्या ‘सोन्याचे’ या अर्थाच्या शब्दाशी जुळवून घेतले आणि दरी सोन्याची झाली, असे मानतात. दरीच्या तोंडाशी ॲबी डोर आहे. ११४७ मध्ये स्थापन झालेला हा सिस्टर्सियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ मध्ये, बंद करण्यात आला. मुख्य दालन पडून गेले. उरलेला पूर्वेचा भाग पुढे लॉर्ड स्कुडमोर यांनी दुरुस्त करवला, आणि १६३४ मध्ये तो पॅरिश चर्च म्हणून पुन्हा अभिमंत्रित झाला. त्यामुळे आज आपण आत शिरतो तेव्हा मोठ्या मठाच्या फक्त अर्ध्या देहात उभे असतो. जॉन एबल या स्थानिक सुताराने केलेला ओकच्या लाकडाचा भव्य आडपडदा तिथे आहे. बाहेर गवतात तुटलेल्या खांबांचे बुंधे शोधा, म्हणजे गेलेल्या अर्ध्याची लांबी पावलांनी मोजता येते.

याच परिसरात सेंट मार्गरेट्स नावाचे एक एकाकी चर्च आहे आणि माझ्या मते हेरिफर्डशरमध्ये ते चुकवू नये. बाहेरून पाहिले तर कोठार वाटावे इतके साधे. आत साधारण १५२० च्या सुमाराचा, लाकडात कोरलेला रूडचा, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या क्रूसाचा, सज्जा जसाच्या तसा आहे. धर्मसुधारणेच्या काळात असे सज्जे काढून टाकण्याचे हुकूम निघाले, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत १५६१ मध्ये पुन्हा निघाले, आणि देशातले बहुतेक सज्जे तेव्हा नष्ट झाले. हा वाचला. खांबांवरच्या वेलबुट्टीतून लहान लहान चेहरे डोकावतात. ते पाहायला हातात लहान विजेरी ठेवा.

डोरस्टनच्या वरच्या टेकडीवर आर्थर्स स्टोन आहे. ते नवाश्मयुगीन दफनस्थान आहे, पाच हजार वर्षांहून जुने, आणि त्याच्यावरची शिळा २५ टनांहून जड आहे. राजा आर्थरशी त्याचा संबंध केवळ नावापुरता. इंग्लिश हेरिटेजकडे त्याची देखभाल आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिकडे जाताना दुसऱ्या बाजूची वाय नदीची दरीही दिसते.

गारवेचे चर्च नाइट्स टेम्प्लर या लढाऊ धर्मसंघाचे होते. त्यांनी जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चला अनुसरून इथे वर्तुळाकार दालन बांधले होते, त्याचा पाया आज उत्तरेच्या भिंतीबाहेर उघडा दिसतो. जवळचा १३२६ चा दगडी कबूतरखाना खासगी शेताच्या आवारात आहे, म्हणून विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

प्रत्यक्ष हेरिफर्डचे कॅथेड्रल पावसाळी दिवसासाठी राखून ठेवा. साधारण १३०० सालचा, एकाच वासराच्या कातड्यावर काढलेला जगाचा नकाशा आणि साखळ्यांनी बांधलेल्या पुस्तकांचे ग्रंथालय तिथे आहे. त्या नकाशात पूर्व वर आहे आणि जेरुसलेम मध्यभागी. चर्चच्या इमारतीही पूर्वेकडे तोंड करून का बांधल्या, हे तो पाहिल्यावर मनात ठसते.

जाण्याआधी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा घ्या. काळ्या चौकोनावर क्रूस असेल तर ते मनोऱ्याचे चर्च, काळ्या वर्तुळावर क्रूस असेल तर शिखराचे, आणि नुसता क्रूस असेल तर दोन्ही नसलेले. जुनी स्थळे त्यावर वळणदार गॉथिक अक्षरांत छापलेली असतात.


उत्तर : दप्तरखाना

भग्नशिल्प यांनी दिलेली ठिकाणे उत्तम आहेत, पण क्रमाविषयी माझे मत वेगळे आहे. ताईंनी किलपेकपासून सुरुवात करू नये. आधी स्वतःच्या टेकाडावरचे चर्च दोन-तीन आठवडे वाचावे. किलपेक असामान्य आहे, आणि जे सामान्य आहे ते आधी डोळ्यांत बसल्याशिवाय असामान्य म्हणजे काय ते उमगत नाही.

कसे वाचावे? चान्सेल आणि मुख्य दालन यांच्या सांध्यापाशी उभे राहा. मध्ययुगापासून चान्सेलची दुरुस्ती रेक्टरने करायची आणि दालनाची गावकऱ्यांनी, अशी वाटणी होती. पुष्कळ चर्चमध्ये एका बाजूच्या खिडक्या श्रीमंती आणि दुसऱ्या बाजूची भिंत ओबडधोबड दिसते, ती या वाटणीमुळे. दक्षिणेच्या दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर, दगडात एक भोक आणि त्यातून फाकलेल्या रेघा दिसतात का पाहा. भोकात काडी खोचून सावलीवरून उपासनेची वेळ ओळखण्याचे ते घड्याळ होते. आत भिंतीवर राजचिन्हाचा फलक असेल. राजा हाच चर्चचा प्रमुख, हे आठव्या हेन्रीच्या १५३४ च्या कायद्यानंतरचे सत्य त्यातून गावाला डोळ्यांसमोर दिसत राही. गरिबांना दर रविवारी पाव वाटण्यासाठी कुणी किती शेत ठेवले, हे सांगणारे लाकडी फलकही पुष्कळ ठिकाणी असतात. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि ती वसुली चर्चवॉर्डन व त्यांच्या जोडीचे देखरेखदार करत. ज्या बाई आज आपल्याला आमंत्रण देतात, त्यांच्या पदाचा तो वारसा आहे.

एक घोटाळा आधीच दूर करतो. गावातल्या सूचनाफलकावर आपल्याला ‘पॅरिश कौन्सिल’ असे दिसेल. ती चर्चची समिती नव्हे. १८९४ च्या कायद्याने गावचा नागरी कारभार चर्चपासून वेगळा काढला आणि पायवाटा, खेळाचे मैदान, बाक यांसाठी निवडून आलेली स्वतंत्र संस्था निर्माण झाली. चर्चची समिती निराळी आहे आणि ती १९२१ च्या कायद्याने आजच्या रूपात आली. दोन्हींच्या शिवाही नेहमी जुळत नाहीत.

पॅरिशच्या नोंदवह्या हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद दर आठवड्याला करावी, असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. सरकारी जन्ममृत्यू-नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली, म्हणजे मधल्या तीनशे वर्षांत सामान्य माणसाचे नाव जगात कुठे टिकले असेल तर ते बहुतेक या वह्यांमध्येच. हेरिफर्डशरच्या जुन्या वह्या आता हेरिफर्डजवळ रॉदरवस येथील अभिलेखागारात ठेवल्या आहेत आणि तिथे कुणालाही जाऊन त्यांची प्रतिमा पाहता येते. मी माझ्या गावची वही प्रथम पाहिली तेव्हा एका पानावर अकरा दिवसांत एकाच घरातली चार दफने होती. शेवटच्या नोंदीशी शाई फुटून मोठा डाग पडला होता. लिहिणाऱ्याने टाक तिथेच टेकवून ठेवला असावा. नंतर मी आवारात ती कबर शोधली, पण तिथे दगड नव्हता. गरिबांच्या कबरींवर सहसा नसेच.

जे दगड आहेत त्यांना घासू नका, खडूही लावू नका. इथल्या थडग्यांचा वालुकाश्म पुष्कळदा पापुद्र्यांनी सुटतो आणि अक्षरे त्या पापुद्र्याबरोबर जातात. मी एके काळी, चांगल्या हेतूने, एका दगडावरचे शेवाळ ओल्या ब्रशने काढायला गेलो होतो आणि एका आडनावाची दोन अक्षरे माझ्या डोळ्यांदेखत गळून पडली. त्याची खंत अजून वाटते. तिरप्या उन्हाची वाट पाहावी, किंवा विजेरीचा झोत बाजूने टाकावा. अक्षरे आपोआप वर येतात.


उत्तर : उंबरठा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उपासना परवा झाली, म्हणून सविस्तर कळवते.

शनिवारी सकाळी आम्ही नऊ जण होतो. सफरचंदे, भोपळे, मध, डबाबंद पदार्थ आणि बिअरसाठी वापरतात त्या हॉप्सच्या लांबच लांब वेली असा सगळा पसारा होता. हॉप्सला एक कडवट, ओला वास असतो आणि तो संध्याकाळपर्यंत हातांना येत राहिला. मला उत्तरेच्या खिडकीचा कट्टा सजवायला दिला. वेदीपाशी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा दोन हात रुंद पाव ठेवला होता, आणि त्या पेंढीच्या देठावर, कणकेचाच केलेला, डोळ्यांच्या जागी मनुके लावलेला एक उंदीर चढत होता. पेंढीवर उंदीर असायचाच, असे मला सांगण्यात आले. हा उत्सव आजच्या स्वरूपात कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या व्हिकरने १८४३ मध्ये सुरू केला, हे रेक्टरनी प्रवचनात सांगितले. मला वाटत होते त्याहून तो पुष्कळ अलीकडचा निघाला. उपासना संपल्यावर सगळे डबाबंद अन्न खोक्यांत भरून गरजूंच्या अन्नपेढीकडे गेले.

प्रभुभोजन झाले. मी पुढे गेले, पुस्तिका छातीशी धरली आणि मान झुकवली. रेक्टरनी डोक्यावर हात ठेवून दोन वाक्ये म्हटली. ती मी कुणाला सांगणार नाही, पण ती मला पाठ झाली आहेत.

दक्षिणेच्या दाराशी भोक आणि रेघा दोन्ही सापडल्या. रेघा सात आहेत. त्या बाई चाळीस वर्षे त्याच दारातून ये-जा करत आहेत, आणि त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. आम्ही दोघींनी काटकी खोचून पाहिली तेव्हा सावली बरोबर तिसऱ्या रेघेवर पडली.

दप्तरखाना यांचा क्रम मला पटला. किलपेक नोव्हेंबरात. येत्या शनिवारी सेंट मार्गरेट्स. विजेरी घेतली आहे.

एक गोष्ट आणखी. त्या बाईंना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन आठवडे रुग्णालयात राहावे लागणार आहे, आणि सकाळी दार उघडण्याचे काम त्यांनी मला विचारून माझ्याकडे सोपवले आहे. काल त्यांनी शिकवले : किल्ली आधी पूर्ण आत ढकलायची, मग अर्धा बोटभर मागे ओढायची, दार दुसऱ्या हाताने किंचित वर उचलून धरायचे आणि मगच डावीकडे फिरवायची. आत गेल्यावर बाहेरचे जाळीचे दार लगेच ओढून घ्यायचे, नाहीतर पाखरे आत शिरतात.